हिरव्या रेघेच्या प्लेटा

नोलीन: बारा. मोजून दिल्यात मी तुला. बारा प्लेटा. आणि पोस्टरवर काय छापलंयस, वाच.

दारिओ: माझं पोस्टर तू कशाला वाचतेस, आंटी?

नोलीन: प्रिंटरवर पडलं होतं. वाच म्हणते ना.

दारिओ: "प्रोटीनचे तीस लाख प्रकार तपासले."

नोलीन: बारा प्लेटांत तीस लाख? एकवीस वर्षं जंतू वाढवायची ही आगरची जेली ओततेय मी. या मजल्यावरची एकेक प्लेट लॅबच्या माझ्या किचनमधून जाते. एकीवर जंतूंचे हजार ठिपके आले तरी एकमेकांच्या उरावर बसतात.

दारिओ: मोजले असं नाही म्हटलेलं. तपासले म्हटलंय.

नोलीन: तुझ्याआधी या टेबलावर होता ना, तोही असाच शब्द फिरवायचा. एकच फोटो तीन वेगळ्या प्रयोगांचा म्हणून चिकटवला त्याने. चौकशीवाले आले तेव्हा माझ्या वह्यासुद्धा उचलून नेल्या.

दारिओ: मी तो आहे का?

नोलीन: असा लॅमिंग्टन केक तोही आणायचा माझ्यासाठी.

दारिओ: मग दे परत.

नोलीन: राहू दे तिथेच. तू आधी सांग.

दारिओ: बरं, ऐक. माझ्याकडे एक प्रोटीन आहे. उसावर मारतात ते तणनाशक तोडतं, पण रडत रडत. त्याच्या जीनच्या मी कॉप्या काढल्या, मुद्दाम गचाळ. मँगनीज घातलं की कॉपी होताना चुका होतात. प्रत्येक कॉपीत एखाद-दोन, वेगवेगळ्या जागी. अशा तीस लाख कॉप्या, तीस लाख जंतूंमध्ये.

नोलीन: चुका करून सुधारणार?

दारिओ: बहुतेक बिघडतात. एखादं सुधारतं. ते शोधायला तुझ्या प्लेटा. त्यात साखर आहे, क्षार आहेत, नायट्रोजन नाही. नायट्रोजन आहे तो फक्त त्यात मिसळलेल्या तणनाशकात. जो ते झटपट तोडेल तो जेवेल आणि वाढेल. बाकीचे उपाशी, दिसणारच नाहीत. म्हणून बारा पुरतात. कळलं?

नोलीन: हं. म्हणजे तीस लाख बसवायचे उपाशी, आणि जेवले तेवढेच मोजायचे.

दारिओ: सुटलो बाबा.

नोलीन: किती जेवले?

दारिओ: चारशेच्या वर!

नोलीन: चारशे?

दारिओ: मागे थोडं धुकं होतं. त्यातले ठळक ठळक उचलले.

नोलीन: कसलं धुकं?

दारिओ: काचेवर "हा" करून श्वास सोडला की येतं ना, तसं. का?

नोलीन: प्लेटांच्या कडेला मी मारलेली खेपेची रेघ कुठली होती? निळी की हिरवी?

दारिओ: हिरवी. आंटी, तू बसलीस का अशी?

नोलीन: आणि मूळवाला? न बदललेला? तो लावला असशील ना शेजारी, तुलनेला?

दारिओ: लावला की. कोरी प्लेट. दोन दिवसांत काही म्हणजे काही आलं नाही.

नोलीन: ती कुठल्या रेघेची?

दारिओ: निळी. आधीच्या खेपेच्या दोन उरल्या होत्या माझ्याकडे. म्हटलं, नव्या कशाला वाया घालवा. ए, इतका वेळ तू माझी उलटतपासणी घेत होतीस, आता मलाच शंका यायला लागलीय. हिरवीत काय आहे?

नोलीन: लाँग वीकेंडच्या आधीचा गुरुवार आठव. दारात उभा राहून "आजच हव्यात, आजच हव्यात" लावलं होतंस. शुद्ध आगरचा डबा खरवडला, निम्मंच भरलं. उरलेलं साधं घातलं.

दारिओ: साधं?

नोलीन: दोन्ही शेवाळाचंच ना. म्हणून तर रेघ बदलली. वहीत लिहिलंय.

दारिओ: मला का नाही सांगितलंस?

नोलीन: वहीत लिहिलंय.

दारिओ: वही कोण वाचतं!

नोलीन: तेच ना.

दारिओ: साध्या आगरात थोडा नायट्रोजन राहतो, आंटी. उपाशी बसवलं आणि ताटाखालून पाव सरकवला आपण. कुणीही जेवलं असेल.

नोलीन: त्या चारशेंचे जीन वाचून आणलेस ना?

दारिओ: चोवीसांचे. प्रत्येकाची चूक वेगळ्याच जागी. मी खूश! म्हटलं, केवढी विविधता. पोस्टरवर रंगीत तक्ता टाकलाय त्याचा.

नोलीन: मग?

दारिओ: खरंच निवडून आले असते तर त्याच त्या दोन-तीन जागा पुन्हा पुन्हा दिसल्या असत्या. आणि... तिघांत एकही चूक नव्हती. मूळवालाच. म्हटलं, काम करताना कुठेतरी मिसळला असेल.

नोलीन: तेव्हा खटकलं नाही?

दारिओ: कामाची घाई होती गं.

नोलीन: दारिओ.

दारिओ: खटकलं. जरासं.

नोलीन: आणि तक्त्यात ते तिघे कुठेयत?

दारिओ: काढले.

नोलीन: आता तूच बघ.

दारिओ: शुक्रवारी आमच्या गावी, इंगमला, ऊसवाल्यांची सभा आहे. हे तणनाशक ओढ्याने समुद्रात जातं, प्रवाळ मरतं, बोलणी सगळी ऊसवाल्यांना. बाबांनी गावभर सांगितलंय, माझा पोरगा उपाय आणतोय. शेताच्या खालच्या अंगाला तळं खणून बसलेत. पाणी तिथे अडवायचं आणि माझं प्रोटीन सोडायचं. तळं खणलंय, आंटी!

नोलीन: हिरव्या रेघेच्या दोन प्लेटा उरल्यात थंड खोलीत. मूळवाला लाव त्यांच्यावर. आज बुधवार. शुक्रवारी सकाळी कळेल.

दारिओ: आणि नाही लावला तर?

नोलीन: तर मला कळेल.

(शुक्रवार सकाळ. इनक्युबेटरसमोर.)

नोलीन: उघड.

दारिओ: तू उघड.

नोलीन: जंतू तुझा, दार तू उघड.

दारिओ: धुकं आहे. आणि ठिपके. टाचणीच्या डोक्याएवढे. पोस्टरवर आहेत अगदी तसेच.

नोलीन: झाकण लाव.

दारिओ: गेलं सगळं.

नोलीन: चारशे गेले. तीस लाख फ्रीझरमध्ये आहेत ना?

दारिओ: आहेत.

नोलीन: शुद्ध आगर सोमवारी येतंय. यावेळी मूळवाला त्याच रेघेवर लावायचा. मी बघणार.

दारिओ: ते सोमवारचं झालं. आज काय सांगू?

नोलीन: नोलीनने साधं आगर घातलं म्हणून सांग. माझं नाव घे, मी काही विरघळत नाही.

दारिओ: आणि तुलना चुकीच्या प्लेटवर केली ती कुणी? तिघांना तक्त्यातून उडवलं ते कुणी?

नोलीन: ते मी कसं सांगू? तिथे तू होतास.

दारिओ: बाबा उठून माझी ओळख करून देतील बघ. सगळ्यांसमोर. खांद्यावर हात टाकून.

नोलीन: थांब, पिशवी घेते माझी.

दारिओ: कुठे निघालीस?

नोलीन: इंगमला. दीड तासाचा तर रस्ता.

दारिओ: अजून संशय आहे माझ्यावर?

नोलीन: तुझ्यावर नाही रे. पण हॉलभर माणसं टाळ्या वाजवायला टपून बसली की भल्याभल्यांची जीभ भलतीकडे वळते. मी पुढे बसेन.

दारिओ: पुढे जागा नसते. बाबांनी त्यांच्या शेजारची एक खुर्ची धरून ठेवलीय, ती माझी.

नोलीन: तू उभा असशील. तिथे मी बसते.