गंगक्काचं म्हणणं

आम्ही मूळचे धारवाडचेच. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की कन्नड. मी सत्तावीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, इकडं शाळेतल्या बाईला अक्कोर म्हणतात, त्यामुळं रिटायर झाले तरी गल्लीभर मी अक्कोरच. हे मुद्दाम सांगते, कारण कॉपी करणाऱ्या पोरींना बाकावर उभं करणारी बाई मी, आणि पुढं मी काय केलं ते ऐका.

रिटायर झाल्यावर घरी बसवेना म्हणून कशिद्याचं काम काढलं. कशिदा म्हणजे आमच्याकडची कसूती हो, इरकली लुगड्यावर भरतात ती, हत्ती, रथ, तुळशीवृंदावन, कापडाचे धागे मोजून मोजून. गाठ म्हणून मारायची नाही, पुढं जशी तशी मागं दिसली पाहिजे. सहा बायका होत्या, त्यातली गंगक्का सगळ्यांची गुरू. कुणाचंही भरलेलं हातात आलं की ती आधी उलटं करून बघणार, मग सुलटं.

बेंगळूरचा एक व्यापारी आमच्या हातपिशव्या परदेशी पाठवायचा. सुरुवातीला सगळं नीट होतं. मग म्हणाला अक्कोर, एका पिशवीला आठ दिवस लावून कसं चालेल, दाजीबानपेठेच्या बाजारात चीनहून आलेली, मशीनवर भरलेली तयार पट्टी मिळते, हेच हत्ती, हेच रथ, ती लावा म्हणून. आणि काय सांगू तुम्हाला, बायकांच्या मेळाव्यात परदेशी माल घेऊ नका, आपल्या बायकांचे हात रिकामे होतील म्हणून माईक धरून बोलणारी मी, दुसऱ्या दिवशी रिक्षा करून दाजीबानपेठेला गेले. ऑर्डर गेली तर बायकांनी खायचं काय, असं मनाशी म्हणत गेले. ते खोटं नव्हतं, पण ऑर्डरवर माझी ऐटही चालली होती, तेही खोटं नव्हे. पट्टीच्या मागं नुसता धाग्यांचा गुंता, म्हणून आत अस्तर लावलं. ते अस्तर शिवायला कुणाला दिलं, तर गंगक्काला. जिनं जन्मभर मागची बाजू दाखवली तिच्याच हातानं मी ती झाकून घेतली.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पिशवीला एक कार्ड असायचं, त्यावर गंगक्काचा फोटो आणि इंग्रजीत, हिनं हातानं भरलंय म्हणून. पूर्वी ते खरंच होतं, नंतर मी काढलं नाही. काय लिहिलंय म्हणून तिनं विचारलं तर तुझं नाव म्हटलं. तिनं ते कार्ड देवाजवळ ठेवलं.

गेल्या वर्षी एक परदेशी बाई पिशवी घेऊन थेट आमच्या दारात आली, कार्डावरच्या बाईला भेटायचंय म्हणून. गंगक्का तिथंच बसली होती. त्या बाईनं तिचे हात धरले, पट्टीवरच्या हत्तीवरून बोट फिरवलं, मग गंगक्काच्या बोटांवरून. गंगक्काच्या लक्षात आलं. तिनं हात सोडवून घेतले आणि मला म्हणाली, इदु नंदल्ल, अक्कोर. हे माझं नव्हे, मी नुसतं अस्तर शिवलंय, तिला सांगा, फसवून मान घ्यायला नको. ती बाई माझ्या तोंडाकडं बघत होती. दोघींच्या मध्ये इंग्रजी येणारी मी एकटी. आणि मी सांगितलं, ती म्हणते, ही भरायला मला आठ दिवस लागले.

त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. वाकून तिनं गंगक्काचे दोन्ही हात कपाळाला लावले. गंगक्का बघतच राहिली.

कार्ड मी त्याच आठवड्यात काढून टाकलं. पट्टी अजून चालू आहे, बायका सहाच्या सहा आहेत, अस्तर शिवतात. त्या बाईला चार ओळी लिहायला कितीदा बसले, आणि उठले.

गंगक्का मात्र तिची आठवण काढते. केवढ्या मनाची बाई हो, म्हणते, खरं कळल्यावरसुद्धा माझा हात सोडला नाही, तिच्या लेकराबाळांचं चांगलं होऊ दे. आणि मग मला म्हणते, तुमचंही होऊ दे अक्कोर, तुम्ही होता म्हणून माझं म्हणणं तिच्यापर्यंत पोचलं. मी होय म्हणते. दर वेळी होयच म्हणते.

आता तुम्ही लिहून घेताय तर लिहा, एक शब्द बदलू नका. गंगक्काला मराठी वाचता येत नाही, म्हणून तर तुमच्याजवळ बोलायचं धाडस झालं. एवढीच माझी हिंमत.