शांतवनरावांच्या कानातलं मशीन

लहानपणी आमच्या गल्लीतली एक बाई भांडी घासताना गायची, आणि दारात नवऱ्याची चप्पल वाजली की गाणं मधेच गिळायची. तो आवाज परवा मंगळवार पेठेत, कानाच्या डॉक्टरांकडच्या बाकावर आठवला. शेजारी चर्चचे पंच शांतवनराव कानात नवं मशीन घालून बसले होते, आणि त्यांच्या पलीकडं त्यांची बायको रिबकाबाई.

"ऐकू येतंय का वो?"

"वरडू नगंस. समदं येतंय. रस्त्यावर कुणीतरी लावणी लावलीया."

"घ्या! मशीन घातलं आणि पयली लावणीच घावली."

"जगिक गाणं ते, देवाचं न्हवं. विश्वासणाऱ्यानं ऐकू नये. पाप हाय."

"मग पाय का हालतोय?"

"मुंग्या आल्यात."

"ठेका धरून आल्यात की!"

"थट्टा नगं. म्हणून तर घरातला रेडिओ देऊन टाकला मी."

"बायबलातला दावीद राजा तर नाचला हुता."

"तो परमेश्वरापुढं नाचला."

"आणि म्या चुलीपुढं गायलं, तर काय सैतान जेवायला येतोय व्हय?"

"तू कवा गायलीस?"

"लग्नाच्या आदी वो."

"बरं, एक सांग. डॉक्टर म्हणाले, लई उशिरा आलासा. मला ऐकू येत न्हाई हे तुला ठावं हुतं. मग इतकी वर्सं हितं आणलं का न्हाईस?"

"मशीनची डबी कुटं ठिवलीसा वो?"

"बोल की. आता ऐकू येतंय मला."

"तुमचं कान गेलं तवापासनं मी घरात मोकळ्या गळ्यानं लावणी म्हणत हुते. तुमी शेजारीच बायबल वाचत बसलेला असायचासा."