माती तपकिरी असते

…आन् वरून म्हणतात, चित्रकला काय, कुणीबी शिकवतंय! अहो, कुणीबी म्हणजे कोण? प्राथमिकचा मास्तर. गणित त्यानंच शिकवायचं, मराठी त्यानंच, खिचडीची चव त्यानंच बघायची, घरं मोजायची निघाली की घरंबी त्यानंच मोजायची, आन् शुक्रवारी शेवटच्या तासाला कला म्हणून एक असतं, तेबी त्यानंच. त्यातून तुमाला सांगतो, आमच्या काशीनाथ सरांची जी बेइज्जती झाली ना… सरांची हं, माझी नाही. मी आपला सांगायलोय.

काशीनाथ सर म्हणजे मानवतच्या अलीकडं डांबरी सोडून आत गेलं की दोन खोल्यांची शाळा लागती ना, तिथले. तिसरी-चौथी एकत्र, पोरं तेवीस. माणूस मेहनती, पण चित्र येतं एकच. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, नदीत होडी, काठावर झोपडी, दोन नारळाची झाडं आन् आभाळात चार पाखरं. हे चित्र सरांना चौथीत त्यांच्या गुरुजींनी शिकवलं, डी.एड.ला त्याच चित्रावर बासष्ट मार्क पडले, मग दुसरं शिकायचं कशाला? आता डोंगर बघायचा तर आमाला जिंतूरकडं जावं लागतं. आन् नारळ आमी मारुतीपुढं फुटताना बघितलेला, झाडाला लागलेला कुणी बघितलाय? पण चित्र म्हणलं की नारळ पाहिजे म्हणजे पाहिजे.

तर झालं असं, केंद्रावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या मोठ्या शाळेत, पोरांच्या चित्रांचं प्रदर्शन निघालं. विषय 'माझे गाव'. बघायला परभणीहून सुमंगला मॅडम येणार, आयुष्यभर चित्रकला शिकवून रिटायर झालेल्या. केंद्रप्रमुख साहेबांचा फोन, "काशीनाथराव, मागल्या वर्षी तुमच्या शाळेचा एकबी कागद न्हवता. औंदा माझी इज्जत तुमच्या हातात हाय." आता तुमीच सांगा, इज्जत म्हणलं की मास्तर माणसाचं काय होतं? झोप उडती. माझी नाही हं, काशीनाथ सरांची.

सरांनी पदरचे पैसे घालून तेवीस कागद आणले, पोरांना वाटले, म्हणले, काढा आपलं गाव. आन् पोरांनी काढलं की हो, तासभर कुणी मान वर केली नाही, कुणी पाणी प्यायला गेलं नाही, आन् मग सर बसले लाल पेन घेऊन तपासायला. चित्र तपासतात का कुठं? पण सवय! कागद दिसला की पेन आपोआप चालतंय. माऊलीनं म्हैस काढली घरापेक्षा मोठी, सरांनी लिहिलं, 'म्हैस घरापेक्षा मोठी नसते.' हरिओमनं आई काढली, तिला तोंडच नाही, लिहिलं, 'चेहरा राहिला.' आन् मंजुषा… चौथीतली, बोलायला कमी, पण हात असा चालतो की बघत बसावं. तिनं अर्ध्याच्या वर कागद नुसता काळा केला. काळा खडू घासून घासून संपवला पोरीनं. वर चिंधीएवढं आभाळ, आन् काळ्यात पांढरे पांढरे ठिपके, कापसाचे. सरांनी आडवी फुली मारली आन् लिहिलं, 'माती तपकिरी असते. चूक.'

आता हे लिहिलं कुणी? ह्याच काळ्या रानात वाढलेल्या माणसानं. चिखलात चप्पल रुतती म्हणून ती हातात घेऊन शाळा शिकलेल्या माणसानं. पण पुस्तकात तपकिरी हाय ना! मी नाही लिहिलं हं, काशीनाथ सरांनी.

बरं, नवे कागद आणायचे तर मानवत गाठा, आन् प्रदर्शन तर दुसऱ्याच दिवशी. सरांनी डोकं चालवलं. कागद उलटे केले, प्रत्येकाच्या मागं पेन्सिलीनं आपले दोन डोंगर काढून दिले, असे तेवीस वेळा, आन् म्हणले, सांगतो तसा रंग भरा, खाली ज्याचं त्यानं नाव घाला. मंजुषानं विचारलं, "सर, हे माझं गाव हाय का?"

सर म्हणले, "प्रदर्शनापुरतं."

दुसऱ्या दिवशी सर पोरं घेऊन केंद्रावर गेले. तिथं मांडवात धूळ उडू नये म्हणून टँकरनं पाणी मारलेलं. काळ्या रानात पाणी मारल्यावर काय होतं ते तुमाला काय सांगायचं… ज्याच्या त्याच्या बुटाखाली दोन-दोन इंचाचा थर, जो तो आपल्या उंचीपेक्षा मोठा होऊन फिरायलाय. चित्रं दोरीला चिमट्यांनी टांगलेली. साहेब लय खूश. "वा काशीनाथराव, शिस्त असावी तर अशी. तेवीसच्या तेवीस सूर्य एका उंचीवर!" सर्वांसमोर पाठ थोपटली.

सुमंगला मॅडम मात्र एका चित्रापुढून दुसऱ्यापुढं, दुसऱ्यापुढून तिसऱ्यापुढं… मग माऊलीला म्हणल्या, "बाळा, तुमच्या गावात होडी कुठं चालते रे?" माऊली म्हणला, "कागदावर." साहेब हसले, म्हणून सरबी हसले. तेवढ्यात मॅडमना उकडायलंय म्हणून कुण्या शहाण्यानं मांडववाल्याचा मोठा पंखा दोरीकडं फिरवला.

आन् पलटली ना चित्रं! फडफडफड… तेवीस डोंगर गेले, तेवीस सूर्य गेले, आन् मागून निघालं गाव. म्हशी, हातपंप, बाजेवर झोपलेले आजोबे, आन् सगळ्यावर सरांचं लाल पेन. मॅडमनी चष्मा लावला आन् लागल्या की मोठ्यानं वाचायला. "म्हैस घरापेक्षा मोठी नसते." माऊली म्हणला, "आमची हाय. ती आत ऱ्हाती, आमी बाहीर झोपतो." लोक हसले. "चेहरा राहिला." हरिओम म्हणला, "आई कापूस येचायलीय. वाकल्यावर तोंड कसं दिसल?" मग कुणी हसलं नाही. मला घाम… सरांना, सरांना घाम फुटला.

मग आली मंजुषाची. "माती तपकिरी असते. चूक." मॅडमनी वाचलं, आन् खाली बघितलं. मॅडमनी बघितलं म्हणून साहेबांनी बघितलं, साहेबांनी बघितलं म्हणून सगळ्या मांडवानं. कुठं? सरांच्या बुटाकडं. दोन इंच काळीभोर माती! धरणीमाय, पोटात घे म्हणावं, तर तिलाच चूक देऊन बसलेले. सावळा माणूस लाल होत नाही म्हणतात. झाले. कानापासून हनुवटीपर्यंत झाले.

मॅडमनी हळूच विचारलं, "मंजुषा, सांग बरं, माती कोणत्या रंगाची असते?" पोरगी आधी सरांकडं बघायली. घाबरून नाही हो… सरांचं काही बिघडू नये असं बघायली. मग म्हणली, "पेपरात तपकिरी, मॅडम. घरी काळी."

 मॅडमनी दोरीवरचा चिमटा काढला आन् चित्र काळी बाजू पुढं करून परत लावलं, फुलीसकट. साहेब निघून गेले, त्यांचं काही वाटलं नाही. पण नऊ वर्षांची पोरगी भर मांडवात मास्तरला सांभाळून घेती, ह्याची जी लाज वाटली ना, ती अजून जात नाही. काशीनाथ सरांची हं.

पुढच्या शुक्रवारी सरांनी नवे कागद वाटले. फळ्यावर काही काढलं नाही, लाल पेन खिशात ठेवलं, म्हणले, "ज्याला जे वाटतं ते काढा."  मंजुषानं हात वर केला. "सर, आमचं मागल्या बाजूनं काढायचं का?"

सर म्हणले, "नाही गं बाई. पुढून काढ."

तिनं माणूस काढला. पायात ढेकळाएवढे काळे बूट, आन् तोंड लालभडक. सवयीनं हात खिशात गेला, टोपण निघालं, आन् 'माणसाचा चेहरा लाल नसतो' असं लिहिणार तेवढ्यात आठवलं, की पोरगी मांडवात समोरच उभी होती. बघून काढलेलं चित्र! चूक कुठं काढणार?

चित्राखाली माणसाचं नाव तेवढं राहिलं होतं. ते काशीनाथ सरांनी… जाऊ द्या हो, आता कशाला लपवायचं. मीच लिहिलं, माझ्या हातानं.