पोळ्याच्या दिवशी बैल कोणी आणले

जबाब

नाव : सौ. विमल किसनराव डेहणकर. वय : ५९ वर्षे. धंदा : सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका. राहणार : नेर रोड, यवतमाळ, जि. यवतमाळ.

(धंद्याच्या जागी आधी 'घरकाम' लिहिले होते. ते साक्षीदाराच्या सांगण्यावरून खोडून दुरुस्त केले.)

मी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारलेल्या प्रश्नांवरून माझा जबाब सांगते, तो असा :

मी वरील पत्त्यावर पतीसह राहते. माझे पती किसनराव डेहणकर हे फौजदारी वकील असून जिल्ह्यात सर्वजण त्यांना वकीलसाहेब म्हणतात. आमच्या लग्नाला पस्तीस वर्षे झाली, मीही वकीलसाहेबच म्हणते. आम्हाला एक मुलगी, सलोनी. ती नोकरीनिमित्त पुण्याला असते. नेर रस्त्याला आतल्या बाजूने आमचे शेत आहे व त्यावर एक बंगली बांधलेली आहे. शेत वकीलसाहेबांच्या नावे आहे. तेथे हरिसिंग हा राखण करतो. तो शेजारच्या तांड्यावर बायको सुखीबाईसह राहतो. त्याची स्वतःची थोडी शेती व एक बैलजोडी आहे. आमच्याकडे बैल नाहीत, कधी नव्हते.

माझे पती मला एकांतात काय बोलले, हे मी या जबाबात कुठेही सांगणार नाही. नवराबायकोतले बोलणे साक्षीत काढता येत नाही, हे मला पक्के माहीत आहे. आमच्या स्वयंपाकघराला लागून त्यांचे ऑफिस आहे, मधली भिंत पातळ आहे, आणि माझा अर्धा जन्म त्या भिंतीशी चहा करण्यात गेला. साक्षीदाराला कसे पढवतात ते मला तोंडपाठ आहे. विचारलं तेवढंच बोला. आठवत नाही म्हणा. पोलिसांनी जबाब वाचून दाखवला का, असं मी कोर्टात विचारीन, तेव्हा नाही म्हणा. मी मास्तरीण असूनही मुलांकडून पाढे इतके पक्के करून घेतले नव्हते. म्हणून मी फक्त जे डोळ्यांनी पाहिले आणि जे इतरांशी बोलताना कानावर आले, तेवढेच सांगते.

मला संत्र्यांबद्दल विचारण्यात आले. त्यावर सांगते की, यंदा उन्हाळ्यात आयकर खात्याचे लोक आमच्या घरी आले होते. वकीलसाहेब बरीच वर्षे शेतात संत्र्याची मोठी बाग असल्याचे व तिचे भरपूर उत्पन्न येत असल्याचे दाखवत आले, असे त्यांच्या बोलण्यावरून समजले. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही. हे सगळ्यांना माहीत असते, वकिलांना जरा जास्त. त्या लोकांनी बाग पाहायची म्हणून सांगितले. वकीलसाहेब त्यांना घेऊन शेतावर गेले. मी सोबत होते, कारण डबा मी केला होता. तेथे वकीलसाहेबांनी त्यांना सांगितले की झाडांना डिंक्या रोग लागला, म्हणून बाग काढून टाकली. त्यावर त्यांच्यातल्या एका तरुण बाईंनी विचारले, "मग खुंट कुठे आहेत?" वकीलसाहेबांनी हरिसिंगकडे पाहिले. हरिसिंग म्हणाला, "साहेब, मले नाय मालूम." ते खरे होते. त्या बरड जमिनीत पळस, तरोटा आणि थोडे गवत याशिवाय मी आजवर काही पाहिलेले नाही.

दर दिवाळीला आमच्याकडून संत्र्यांच्या पेट्या वाटल्या जात. 'आमच्या मळ्यातली' म्हणून. त्या पेट्या मी बाजारातून आणत असे. संत्री गोड असत, कोणी तक्रार केली नाही. मीही केली नाही. घासाघीस तेवढी केली.

मग उत्पन्न आले कुठून, असे विचारल्यावरून सांगते की, बंगलीवर पत्त्यांचा खेळ चालत असे. पोळ्यापुरताच नाही, बारमाही. आमच्याकडे पोळ्याला पत्ते खेळले तर त्याला कोणी जुगार म्हणत नाही, सणाचा खेळ म्हणतात, आणि त्या आडोशाने वर्षभराचे झाकून जाते. मी एकदा दुपारी अचानक तेथे गेले होते. तीन खोल्यांत सतरंज्या टाकलेल्या, प्रत्येक सतरंजीवर डाव मांडलेला, आणि माझे पती मधल्या खोलीत गादीवर बसून प्रत्येक डावातली नाल, म्हणजे घरमालकाचा वाटा, घेत होते. मी दारातूनच परत फिरले. त्यांनी मला पाहिले. त्यावर घरी बोलणे झाले की नाही, हे सांगणार नाही.

आता पोळ्याच्या दिवसाबद्दल. त्या संध्याकाळी पोलिसांनी बंगलीवर छापा घातला, हे आपणांस माहीत आहे. पकडलेल्या खेळणाऱ्यांनी 'नाल हरिसिंग घेत होता' असे सांगितल्याचे मला येथे समजले. वकीलसाहेबांनीही आपल्या जबाबात, 'मी त्या संध्याकाळी घरी बैलांची पूजा करत होतो, हरिसिंगने माझ्या नकळत बंगलीवर खेळ बसवला', असे सांगितल्याचे येथील साहेबांनी मला वाचून दाखवले. हे बरोबर आहे का, एवढेच मला विचारण्यात आले.

त्यावर सांगते की, हे बरोबर नाही.

दरवर्षी पोळ्याला तांड्यावरचे तोरण तुटून पोळा फुटला की हरिसिंग आपली जोडी सजवून आमच्या दारी आणतो. बैलवाल्या गड्याने दारी यायचे, बाईने बैलांची पूजा करायची आणि गड्याला बोजारा, म्हणजे ओवाळणीचे पैसे, द्यायचा, ही इकडची रीत आहे. आमच्याकडे रीत आणखी थोडी पुढे जाते. वकीलसाहेब फेटा बांधून बैलांमध्ये उभे राहतात आणि फोटो काढून घेतात. तो फोटो वर्षभर ऑफिसात लावलेला असतो. आलेला माणूस म्हणतो, वा साहेब, शेतकरीच आहात अजून. यंदा फोटो निघाला नाही, कारण फेटा बांधायला माणूसच घरी नव्हता. वकीलसाहेब दुपारी जेवून, कोणाच्या तरी गाडीत बसून गेले. पुरणपोळी अर्धी टाकून गेले, ती मी झाकून ठेवली.

बैल मात्र आले. अंगणात फरशी आहे, तिच्यावर बैल घसरतो, म्हणून हरिसिंगने दोन पोती अंथरली. मी बैलांचे पाय धुतले, कुंकू लावले, ओवाळले. थोरला पाखऱ्या गरीब आहे. धाकटा यंदा नवीन आणलेला, त्याला दिव्याची सवय नव्हती. तो बुजला आणि माझ्या उजव्या पायावर खूर ठेवून उभा राहिला. हरिसिंगने वेसण धरून त्याला मागे घेतले आणि रडकुंडीला येऊन म्हणाला, "माफ करजा बाई, लेकरू हाय अजून, नवीन हाय." मी ओट्यावर बसले. त्याने विहिरीचे गार पाणी काढून माझ्या पायावर ओतले. मग मी त्याला बसवून जेवायला वाढले. वकीलसाहेबांची झाकलेली पोळी सोडून दुसऱ्या वाढल्या. शेजारच्या देवळात आरती चालू होती. येथील साहेबांनी छाप्याची वेळ सांगितली, त्या वेळी हरिसिंग माझ्या अंगणात पत्रावळीवर बसून कढी पीत होता. तांड्यावर परतायला बैलांच्या चालीने तासभर तरी लागतो.

अंगठ्याचे नख अजून काळे आहे. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार उज्ज्वलाताई यांना मी ते दाखवले आहे.

वकीलसाहेब दुसऱ्या दिवशी सकाळी परत आले. पायात चपला नव्हत्या. पायांना पोटरीपर्यंत शेतातला चिखल होता. मी बादली आणि तांब्या ठेवला. त्यापुढचे सांगणार नाही.

त्याच दिवशी हरिसिंगला धरून आणल्याचे समजले. त्याचा जामीनही वकीलसाहेबांनीच करून दिला. नंतर ते हरिसिंगला घेऊन ऑफिसात बसले होते. मी चहा घेऊन गेले, तेव्हा पुढील बोलणे माझ्यासमोर झाले. ते माझ्याशी नव्हते, म्हणून सांगते. वकीलसाहेब म्हणाले, "तू टेन्शन नोको घेऊ. पोळ्याचे पत्ते व्हते, मीच मांडले व्हते, असं म्हनजो. वकीलपत्र मी टाकतो, तुह्याकडून एक रुपया घेनार नाही. आन् संत्र्याचं कोनी इचारलं तं म्हनजो, माल दरसाल मीच इकला, साहेबाले काही मालूम नाही." हरिसिंग म्हणाला, "पन साहेब, संत्री व्हती कुठी?" वकीलसाहेब हसले. म्हणाले, "नव्हती हे तुले मालूम, मले मालूम. कोर्टाले कायले सांगतं?"

हरिसिंगने चहा घेतला नाही. माझ्या हातचा चहा त्याने नाकारला, असे त्या दिवशी पहिल्यांदा झाले.

काल सकाळी सुखीबाई आमच्या मागच्या दारी आली. पायरीवर बसली. मी आत ये म्हटले, आली नाही. म्हणाली, "बाई, तुमी पाह्यलं ना त्याईले? तुमच्याच अंगनात व्हते ना?" मी हो म्हटले. "मंग सांगा ना. कबूल झाले तं थे जेलात जातीन, म्हनतेत लोकं. आन् वरून थे संत्र्याचं. आमी आयुष्यात संतरा इकत घेऊन खाल्ला नाही बाई, आन् इकला म्हनून सांगाव? तांड्यात नायकानं पंचायत बसवली, तं मी काय तोंड दाखवू? माह्या घरधन्यानं कधी पत्ता हातात धरला नाही." ती भांडली नाही, रडलीही नाही. भांडली असती तर मला सोपे गेले असते. जाताना तिने विचारले, "पाय कसा हाय तुमचा?"

सलोनीचाही फोन आला. ती म्हणाली, "आई, बाबांच्या नावाचा विचार कर." मी म्हटले, पस्तीस वर्षे तेच केले. ती शहाणी मुलगी आहे, पण बापाची लाडकी आहे. तिचा मला राग नाही. कोणाचाच नाही. राग यायलाही अंगात बळ लागते, आणि मी आता थकले आहे. त्या ऑफिसात माझ्या देखत कित्येक साक्षीदार पढवले गेले. ते बाहेर पडताना माझ्याकडे बघत नसत, आणि मी कपबशा उचलत असे.

मला या गोष्टीचे नवल वाटते की, इतका हुशार वकील, ज्याने दुसऱ्यांच्या जबाबांतली भोके शोधण्यात जन्म घालवला, त्याने स्वतःच्या जबाबात एवढे मोठे भोक ठेवले. बैल दारी आले होते, हे त्यांनी स्वतः लिहून दिले आहे. आता बैल काही एकटे रस्ता विचारत येत नाहीत. कासरा धरून कोणीतरी आणावे लागतात. ज्याने एकदा जरी कासरा धरला असता, त्याला हे सुचले असते. वकीलसाहेबांनी कासरा फोटोपुरता धरला, आणि तेव्हाही मागून हरिसिंगने धरलेला असे, फोटोत येणार नाही असा.

तरी पूजा वकीलसाहेबांनी केली नाही, मी केली. बैल हरिसिंगने आणले. त्या वेळी तो बंगलीवर नव्हता. वकीलसाहेब घरी नव्हते. मला जे माहीत आहे, ते एवढेच आहे.

माझ्यावर कोणी दबाव आणला का, असे विचारण्यात आले. हरिसिंग किंवा सुखीबाई यांनी आणला नाही. दुसऱ्या कोणी आणला का, याचे उत्तर वरील कारणाने देत नाही. मला येथे वकीलसाहेबांनीच गाडीतून आणून सोडले. ते ठाण्याच्या फाटकाबाहेर गाडीत बसून आहेत. माझे काम फार तर चहा होईपर्यंतचे, असे ते फाटकावरच्या शिपायाला म्हणाले, ते मी ऐकले. त्यांना निरोप द्यावा की त्यांनी थांबू नये. मी ऑटोने जाईन. कुठे, ते अजून ठरवलेले नाही. माझ्या पिशवीत औषधाच्या गोळ्या व एक लुगडे आहे.

हा जबाब उज्ज्वलाताईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी त्यांना आणखी एकदा वाचायला लावला. त्यानंतर चष्मा लावून मी स्वतः वाचला व ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त केल्या. जे सांगितले ते सर्व यात आले आहे आणि जे यात आहे ते सर्व मीच सांगितले आहे. पुढे कोर्टात मला विचारतील, "बाई, हा जबाब तुम्हाला वाचून दाखवला होता का?" विचारणारा बहुधा आमच्याच ऑफिसात शिकलेला असेल, माझ्या हातचा चहा प्यालेला असेल. त्याने मान वर करून विचारावे. माझे उत्तर 'हो' असे आहे.

जबाब देणार,
(सौ. विमल किसनराव डेहणकर)