पुण्यात कुटार कुठं भेटते

मिहिर आणि सई, तुम्ही दोघांनी मागे फोनवर विचारलं होतं की नवव्या मजल्यावर राहून ओल्या कचऱ्याचं घरच्या घरी काय करता येईल, आणि त्यासाठी काय काय मागवावं लागेल. मला त्यातलं काही कळत नाही. आपल्याकडे शेगावला सकाळी पोळ्या करायला पंचफुलाबाई येतात, त्या पुण्यात नऊ वर्षं राहून आल्या आहेत. तीन सकाळी ओट्याजवळ खुर्ची टाकून त्यांचं बोलणं मी उतरवून घेतलं. ‘मले’ म्हणजे मला, ‘काऊन’ म्हणजे का, आणि ‘यायले’ म्हणजे ह्यांना, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, एवढं लक्षात ठेवा. बाकी तुम्हाला कळेल.

माहं माहेर वरवट बकाल. बापाचं थोडंसं वावर, दोन बैल, एक म्हैस, अन् आमी चार बहिणी, त्यात मी तिसरी. लहानपणापासून मले एक खोड, विचारायची. मुंग्या कुठं चालल्या, विहिरीतलं पाणी उन्हाळ्यात कुठं जाते, कुंभार माती कुठून आणते, जे दिसलं ते विचारायचं. माय म्हणे हिच्या तोंडाले कुलूप लावा, नाई तं सासरचे परत आणून सोडतीन. बाप म्हणे, राहू दे वं, विचारलं तं काय दात पडतीन का. सातवीपर्यंत शिकली मी. मास्तरलेही विचारून विचारून परेशान करून टाकलं, काय सांगू तुमाले.

लग्न झालं ते जवळच, दोन कोसावर. आमचे हे कापसाच्या जिनिंगवर कामाले होते. जिनिंग बंद पडलं, मंग गावातला एक माणूस पुण्याले वॉचमन होता, त्यानं यायले बोलावून घेतलं. आमची पोरगी वैष्णवी तवा सहावीत. बुढी, म्हणजे माही सासू, ती गावीच राह्यली, म्हणे मी लिफ्टमधी नाई चढत, उभ्या पेटीत माणूस मेल्यावरही ठेवत नाईत.

सोसायटीनं राहाले खोली देली. पार्किंगच्या कोपऱ्यात, एका भिंतीले पाण्याची मोटर, दुसऱ्या भिंतीले लिफ्ट. लिफ्ट वर गेली की मांडणीवरचे भांडे वाजत. पण खोली होती मॅडम. पुण्यात खोली असणं म्हणजे पोरीची शाळा असणं. बाहेर कुठं भाड्यानं घेणं आमच्या ऐपतीतलं नव्हतं, अन् खोली गेली असती तं गाव, अन् गाव म्हणजे पोरीची शाळा अर्ध्यात. हे तुमी नीट लिहा, कारण पुढचं सारं त्याच्यासाठी आहे.

वैष्णवी दहावीत गेली त्या वर्षी नियम आला का मोठ्या सोसायट्याईनं ओला कचरा आपला आपणच जिरवायचा, गाडी उचलणार नाई. बत्तीस घरं. मिटिंग झाली. सेक्रेटरी साहेब म्हणे मशीन घेऊ, कोणी म्हणे मशीनले जागा कुठं आहे, कोणी म्हणे आवाज होते. हे तिथं चहा वाटून राह्यले होते, अन् यायच्या तोंडून निघून गेलं का साहेब, आमच्या घरच्या बाईले येते ते, गावाकडं आमचा उकिरडाच आहे. झालं. दुसऱ्या दिवशी दोन निळे ड्रम आले माह्या दाराशी.

आता मॅडम, तुमी शिकलेल्या, तुमीच सांगा, उकिरडा कोणी कोणाले शिकवते का. तो आपोआप होते. सकाळी गोठा झाडला, टोपलं उचललं, नेऊन टाकलं. माहे हात इतके वर्षं ते करत होते, पण हात काय करते ते डोक्याले मालूम नव्हतं. मी आपली ड्रममधी टाकत गेली. साली, देठं, उरलेला भात, चहाचा चोथा, अन् वास येऊन लोक नाव ठेवतीन म्हणून वरतून झाकण घट्ट. त्याच्यावर एक विट.

पहिला ड्रम भरला तं बंद करून दुसरा घेतला, अन् आठ दिवसानं पहिल्याचं झाकण उघडलं तं मी मांगं सरकली. खाली काळं पाणी, वरतून अळ्या, अन् वास असा का लिफ्टमधी शिरून तो पाचव्या मजल्यावर गेला. बाया नाकाले पदर लावून जाऊ लागल्या. वैष्णवीनं वास लागू नाई म्हणून दप्तर दूर जिन्यापाशी टांगलं, म्हणे आई, वर्गात पोरी माह्या बाजूनं बसत नाईत, तू मले न्याले शाळेच्या दाराशी येत नको जाऊ. मी भाजी चिरत राह्यली, चिरता चिरता तेच पाहून राह्यली का हीच साल गावी टाकली तं वास काऊन येत नव्हता.

सेक्रेटरी साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण त्याईले बत्तीस घराईचं ऐका लागे. ते म्हणे, पंचफुलाबाई, पंधरा दिवस देतो. रविवारी मी स्वतः येऊन पाहीन. वास राहिला तर दुसरं जोडपं ठेवावं लागेल, त्यांना मशीन चालवता येते. म्या कॅलेंडर पाह्यलं. त्या रविवारच्या पुढच्या आठवड्यात दहावीचा पहिला पेपर.

बुढीले फोन लावला. सारं सांगितलं तं ती आधी पोटभर हासली. म्हणे माय वं, इतक्या दूर जाऊन उकिरडाच करून राह्यली काय. मंग म्हणे, काय टाकतं त्यात. म्या सांगितलं, साली, भात, देठं. अन्? अन् काय, बस. अन् कुटार कोण टाकते मंग, तुहा बाप? गोठा झाडतानी जनावराचं उरलेलं कुटार येते, शेण येते, चुलीची राख येते, त्याच्यात तुह्या घरच्या साली म्हणजे पिठात मीठ. कोरडं जास्त, ओलं कमी. अन् झाकण कायले लावलं, उकिरड्याले कोणी झाकण लावते का बयताडे.

मले असं झालं जसं कोणी दिवा लावला. कुटार. तुमच्या नातवाईले सांगा, तुरीची, हरभऱ्याची मळणी झाली का जो कोरडा भुसा उरते, तो. जनावराचं खाणं. आता पुण्यात कुटार कुठं भेटते?

तुमी यादी कराले लागल्या मॅडम, एक नंबर, दोन नंबर. तसं नाई झालं ते. मी फक्त पाहू लागली का या शहरात कोरडं काय आहे अन् ते जाते कुठं. ज्या रस्त्यानं रोज दूध आणाले जात होती त्याच रस्त्यानं गेली, पण खाली पाहत गेली. अन् काय सांगू, कोरडंच कोरडं. समोरच्या गल्लीत एक झाडणारी ताई होती, रोज पोते भरून पाला एका कोपऱ्यात लावे. म्या म्हटलं ताई, याचं काय करता. ती म्हणे काय करतो म्हणजे, गाडीत देतो. मले देता का? तिनं झाडू भिंतीले टेकवला, म्हणे कचरा मागणारी तू पहिलीच भेटली, ने बाई, दोन ने.

कोपऱ्यावर एक सुतार होता, राजस्थानातला. त्याच्या दुकानापुढं भुशाचा ढीग. मी पोतं घेऊन गेली तं तो म्हणे ये मत लो, ये प्लायवुड का है, इसमें गोंद और दवाई है, मिट्टी खराब होगी. अन् आतून सागवानाच्या रंध्याचे छिलके देले, कुरळे कुरळे. पाहा, ज्यानं द्यायचं त्यालेच मालूम होतं का काय देऊ नाई. न विचारता उचललं असतं तं फसली असती.

पाला आणला तं त्यात नवी पंचाईत. बारीक पाला चांगला, लवकर जिरे. पण आमच्या गल्लीत बदामाचे झाडं, त्याचं पान म्हणजे चामडं. जाड, लाल, ड्रममधी पडलं का तसंच पडून राहे. हातानं चुरू चुरू बोटं सोलले. मंग आठवलं, आमच्याकडं सोयाबीन, तूर लोक काय करतात, सडकेवर पसरवतात, येणारी जाणारी गाडी मळणी करून देते. मी पान पोत्यात भरलं अन् सेक्रेटरी साहेबाची गाडी रोज जिथून बाहेर निघे तिथं चाकाच्या वाटेत टाकलं. सकाळी नऊले एक फेरी, संध्याकाळी सहाले एक फेरी. यायले लय भेव वाटे, म्हणे तुह्यापायी खोली तं जाईनच, माही टोपीही जाईन. पण पोतं उघडलं का आत कुटारच, मॅडम. हातात घेतलं तं बापाच्या खळ्याचा वास आला.

राह्यलं शेण. मारुतीच्या देवळापाशी एक मावशी गाय घेऊन बसे, लोक येता जाता गाईले गवताची पेंढी चारत. चार वर्षं मी त्या गाईले हात जोडून पुढं गेली होती, पण मले कधी सुचलं नाई का ही गाय रात्री झोपते कुठं. इतकी विचारणारी मी, अन् हेच विचारलं नाई. त्या दिवशी सांजच्याला मावशी उठली तशी मी तिच्या मांगं मांगं. दोन गल्ल्या, एक मेडिकल, एक केक दुकान, अन् नाल्याच्या कडेले पत्र्याचं कुंपण. आत चार गाई, अन् वास तो, आमच्या घरचा. मी दारात उभी राह्यली तं मावशी म्हणे, काय गं, पत्ता चुकली का. म्या म्हटलं नाई मावशी, सापडला. घमेलंभर शेण पाहिजे. ती म्हणे फुकट नाही देणार. मंग बसून ठरलं. मटाराचे दिवस होते, बत्तीस घरच्या मटाराच्या साली, फुलकोबीचे पानं, मेथीचे देठं, हे मी आधी बाजूले काढून स्वच्छ टोपलं तिच्या गाईले नेऊन द्यायचं, अन् येतानी शेण अन् गाईनं उष्टावलेलं गवत आणायचं. अर्धा कचरा तं गाईनंच संपवला.

ड्रमचं झाकण फेकलं. सळई तापवून बाजूनं भोकं पाडले. जुनं सारं बाहेर काढून पाल्यात कालवलं, ते काम मी पहाटे केलं, कोणी पाहू नाई म्हणून. अन् मंग रोज, एक टोपलं ओलं, दोन टोपले कोरडं. पाचव्या दिवशी वास कमी झाला. नवव्या दिवशी हात घातला तं आत गरम, जसं कोंबडीच्या खाली. म्या वैष्णवीले बोलावलं, म्हटलं हात घाल. ती म्हणे छी. पण घातला. अन् काढलाच नाई लवकर. म्हणे आई, हे गरम काऊन आहे? आमच्या घराण्यातली खोड, दुसरं काय.

रविवार आला. साहेब आले, संगं चार-पाच जण, एक बाई रुमाल आधीच नाकाले लावून. साहेब ड्रमवर वाकले. थांबले. परत वाकले. मंग त्याईनं रुमालवाल्या बाईकडं पाह्यलं, बाईनं रुमाल थोडा खाली केला. मले वाटलं झालं, सुटलो. तितक्यात साहेब म्हणे, एक विचारायचं होतं, माझ्या गाडीच्या वाटेत रोज पोतं कोण टाकतं?

आमच्या यायनं टोपी काढून हातात घेतली. मी म्हटलं आता लपवून काय, जे आहे ते आहे. सारं सांगितलं, आमच्याकडं सडकेवर मळणी करतात, बदामाचं पान जाड असते, तुमची गाडी टायमाची पक्की आहे. साहेबानं वाकून आपल्या गाडीचे टायर पाह्यले. मंग म्हणे, म्हणजे पंधरा दिवस मी तुमचा बैल होतो. मी म्हटलं हो साहेब. माह्या तोंडून निघूनच गेलं. अन् ती रुमालवाली बाई अशी हासली का रुमालच पडला तिचा. बाई कोण, तं साहेबाची बायको.

खोली राह्यली. वैष्णवीनं दहावीचा अभ्यास त्याच खोलीत बसून केला, मोटर चालू असली का कानात बोटं घालून वाचे. श्रावण सरता सरता पोळा आला, तं सकाळी मी साहेबाच्या गाडीले हळदकुंकू लावलं, आंब्याच्या पानाचं तोरण बांधलं, अन् पुढं पुरणपोळीचा घास ठेवला. वैष्णवी लाजेनं आत पळाली. साहेब खाली आले, पाह्यलं, तोरण काढलं नाई. तसेच गेले ऑफिसले.

आता ती बिल्डिंग पाडून नवी बांधून राह्यले. आमाले परत या लागलं, बुढीचंही वय झालं होतं. ती गेल्या साली गेली. हे इथं एका लॉजवर रात्रपाळी करतात, मी तुमच्या पोळ्या लाटते. कधी कधी वाटते, इथं शेगावात इतकी दुनिया येते, इतके फुलं, इतका पाला, याचं काय होते ते पाहा लागीन. पण आता गुडघे आधी नाई म्हणतात. असो.

वैष्णवी तिकडंच आहे, दवाखान्यात नर्स. दोन पोरी मिळून तिसऱ्या मजल्यावर राहतात. मांगल्या आठवड्यात तिचा फोन, म्हणे आई, आमी गॅलरीत डब्बा ठेवला, त्यात अळ्या झाल्या, आता काय करू. म्या विचारलं झाकण लावलं होतं का. ती म्हणे हो, वास येईन म्हणून. मी बुढीसारखी हासली पोटभर. म्हटलं कुटार टाक. ती म्हणे आई, इथं कुटार कुठं भेटते?

मी सांगितलं नाई, मॅडम. सांगितलं असतं तं तिनं तेवढंच आणलं असतं. म्या म्हटलं, तुह्या गल्लीत देऊळ आहे का, देवळापाशी गाय बसते का, तं सांजच्याला ती घरी निघाली का तिच्या मांगं जा. तुमच्या नातवाईलेही तेच लिहा. सुखी राहा म्हणा लेकरांनो, अन् मांगं जायाले लाजू नका, गाय काही विचारत नाई कोण आलं म्हणून.