तळघरातला टॉयलेट पेपर आणि तिंद्राचा गुडघा

…आणि वर मलाच विचारतात, स्टेलान, तुझ्या तळघरात एवढा टॉयलेट पेपर कशाला, घरात सगळ्यांचं पोट बिघडलंय का? आता काय सांगू यांना? अहो, पोरगी फुटबॉल खेळते म्हणून! क्लबला पैसे हवेत की खेळाडूंनी दारोदार टॉयलेट पेपर विकायचा, ही इथली रीतच. क्लबला शिबिराला जायचंय, विका टॉयलेट पेपर. नव्या जर्सी हव्यात, विका टॉयलेट पेपर. तुमच्या पोराच्या हॉकीसाठी मी तुमचा घ्यायचा, माझ्या पोरीच्या फुटबॉलसाठी तुम्ही माझा घ्यायचा, आणि उरला की तळघर आहेच. शेजारच्या यॉर्डिसबाई एकट्या राहतात, त्या म्हणतात, "स्टेलान, आता मी गेले तरी मागच्यांना पुरेल." तरी पुढच्या वर्षी पुन्हा घेतात. आम्हा वेर्मलांड प्रांतातल्या माणसांना नाही म्हणताच येत नाही. मोठ्यानं बोलता येत नाही, आणि दुखलं तर सांगता येत नाही. कुणी विचारलंच तर एकच उत्तर ठरलेलं… एवढं काही नाही.

आमची तिंद्रा, तुम्हाला सांगतो, सगळ्यात वरच्या लीगमध्ये खेळते. व्यावसायिक खेळाडू, करारबिरार झालेला, पेपरात फोटो. आणि तेवढ्यात भागत नाही म्हणून सकाळी काय करते? बालवाडीत पोरांची नाकं पुसते. दुपारी सराव, संध्याकाळी दारोदार टॉयलेट पेपर. मी चिडलो की म्हणते, "पप्पा, एवढं काही नाही." आता ही कुठून शिकली? माझ्या आईचं बोट गोठ्याच्या दारात चेमटलं होतं, तेव्हा म्हातारीनं दुसऱ्या हातानं पाहुण्यांना कॉफी ओतली आणि हेच म्हणाली. घराण्यात चालत आलंय हे, दुसऱ्या घराण्यांत जमीनजुमला येतो.

तर त्या गुरुवारी तिंद्रा जेवायला आली. मटाराचं सूप, वर पॅनकेक, नेहमीचं. जेवण झालं आणि ही तळघरातून टॉयलेट पेपरचा गठ्ठा आणायला निघाली. मी खालीच होतो, बटाटे काढत. वर बघतो तर काय, पोरगी जिना आडवी उतरतेय! कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबून, ओठ आवळून. ही पोरगी लहानपणी याच जिन्यावरून उड्या मारत यायची, मी ओरडायचो. माझ्या हातातला बटाटा खाली पडला.

म्हटलं, "गुडघा?"

म्हणाली, "सरावात जरा मुरगळला. एवढं काही नाही."

आणि गठ्ठा उचलून गेली. मी काय केलं? बटाटा शोधला.

आता यातली गोम सांगतो. रविवारी घरच्या मैदानावर सामना, आणि देशाच्या युवा संघाची निवड करणारी बाई तो बघायला येणार! पोरगी पाच वर्षांची असल्यापासून त्या निळ्यापिवळ्या जर्सीसाठी झुरतेय. खेळली तर निवड… आणि खेळली तर गुडघा. गेल्या वर्षी तिच्याच संघातली एक पोरगी अशाच 'जरा मुरगळलेल्या' गुडघ्यावर खेळली, ती आता बँकेत काम करते. बायकोला म्हटलं, "आनेली, तू बोल तिच्याशी."

"मोठी झालीय ती. तिचा गुडघा, तिचा निर्णय."

"पण तू आई आहेस."

"आणि तू कोण आहेस, पोस्टमन?"

मग आम्ही दोघांनी मिळून भांडी घासली. स्वच्छ होती ती, तरी घासली.

रविवारी आईबापांच्या पाळीप्रमाणे मैदानावरच्या टपरीत मी सॉसेज भाजायला. आणि ती निवडवाली बाई नेमकी माझ्यासमोर! सॉसेजला मोहरीचा सॉस लावून घेत विचारते, "इथे चांगलं कोण खेळतं?" आता बाप आहे ना मी? पण आपल्याच पोरीचं नाव घ्यायचं, म्हणजे गावात तोंड दाखवायला नको. म्हटलं, "सगळ्याच बऱ्या आहेत." बाई गेली. तिकडे सामन्याआधीच्या सरावात तिंद्रा धावतेय आणि वळताना दरवेळी एकाच पायावर वळतेय. रांगेत यॉर्डिसबाई होत्या. म्हणाल्या, "तिंद्रा आज जरा…"

म्हटलं, "हो ना."

म्हणाल्या, "हवा मात्र छान पडलीय."

सगळ्या रांगेला दिसत होतं हो! सगळी रांग हवेकडे बघत होती.

तेवढ्यात प्रशिक्षक मारिता कॉफी घ्यायला आली. मी म्हटलं, मारिता, ऊन छान आहे. म्हटलं, दालचिनीचा बन घेणार का, ताजा आहे. म्हटलं, गवत यंदा बरं उगवलंय. ती निघाली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मारिता, तिचा गुडघा गेलाय. खेळवू नकोस तिला."

सगळी रांग हवा सोडून माझ्याकडे बघायला लागली. सॉसेज जळून कोळसा झाले.

तिंद्राला बाकावर बसवलं. तिनं तिथून टपरीकडे एकदा पाहिलं, बस. मला वाटलं, त्या भट्टीत मीच उडी घ्यावी. सामन्यानंतर म्हणाली, "तुला काही हक्क नव्हता, पप्पा. मी सांगणारच होते मारिताला."

"कधी?"

"सामना झाल्यावर."

मग बोलणंच बंद. डॉक्टर म्हणाले, लिगामेंट अर्धं फाटलंय, खेळली असती तर उरलेलंही गेलं असतं. ऑपरेशन लागेल का, ते सूज उतरल्यावर कळेल. आणि पुन्हा पूर्वीसारखी खेळेल का? त्यावर डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं. तेही वेर्मलांडचेच. निळीपिवळी जर्सी दुसऱ्याच पोरीला मिळाली.

तिंद्रा आता आमच्याकडेच राहते. पाय उंच ठेवायला सांगितलाय, आणि तुम्हाला सांगतो, त्यासाठी टॉयलेट पेपरच्या गठ्ठ्यासारखी उंची कशाचीच नाही. शेवटी कामाला आला! काल तिच्यासाठी नवा गठ्ठा वर घेऊन आलो, पायाखाली सरकवला आणि भीतभीतच विचारलं, "दुखतंय?"

तिनं आधी गठ्ठ्यावरचा पाय नीट ठेवला. मग म्हणाली, "खूप दुखतंय, पप्पा. आणि भीती वाटते."

आमच्या घराण्यात असं बोललेलं हे पहिलंच माणूस. मी तिथेच जमिनीवर बसलो, तिचा पाय धरून. माझे डोळे वाहायला लागले, थांबेनात. ती वाकून बघायला लागली. म्हणाली, "पप्पा, तू रडतोयस?"

म्हटलं, "छे… एवढं काही नाही."