सहाला एक मिनिट कमी

लोकसभेच्या मतदानाला आमच्या अण्णांनी माझी काय धावपळ उडवली, ऐका! पंच्याहत्तरीचे माझे वडील. नाशिकचा कुठला खासदार कधी आला, कधी पडला, सगळं तोंडपाठ, आणि स्वतःचं मत एकदाही चुकवलेलं नाही. नेमकं त्या दिवशी विंचूरला लग्न! परतताना द्वारका चौकात आमची मोटरसायकल अडकली. मतदान सहाला बंद होणार!

इंदिरानगरच्या शाळेपाशी पोचलो, तेव्हा सहाला एकच मिनिट बाकी. अण्णा उतरून चक्क पळत सुटले. समोर पोलीस गेट लावत होता. तेवढ्यात रांगेतला शेवटचा माणूस वळला आणि गेट धरून ओरडला, "साहेब, थांबा! आमचा माणूस येतोय!"

बघतो तर शेजारचे देवरेकाका! दर निवडणुकीत अण्णांशी कडाकडा भांडणारे, पक्के विरोधी पक्षाचे! अण्णा आत शिरले आणि सहाच्या आत रांगेत आलेल्यांना देतात ती शेवटची चिठ्ठी त्यांनाच मिळाली.

मी म्हटलं, "काका, अण्णांचं मत तर तुमच्या उमेदवाराविरुद्धच जाणार!"

"जाऊ दे की! हा मतदानालाच आला नाही, तर मी हरवणार कुणाला?"